दूध उकळलं म्हणजे बुरशीचं विष गेलं?

‘बुरशी लागलेला मका, पेंड गाईला खुशाल घाला, दूध उकळलं की सगळं मरतं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय.

उकळल्याने जंतू मरतात, हे खरंच. पण इथे प्रश्न बुरशीने सोडलेल्या अफलाटॉक्सिन या विषाचा आहे, आणि ते काही जिवंत नसतं. दूध साधारण १०० अंशांना उकळतं. हे विष मोडायला २०० अंशांहून जास्त तापमान लागतं. गाईच्या यकृतात त्याचं ‘एम-१’ रूप बनतं आणि दिवसभरात दुधात उतरतं. खाद्य बदललं की काही दिवसांत ओसरतं.

खात्री करायचीय? एकाच दुधाचे कच्चा आणि उकळलेला असे दोन नमुने प्रयोगशाळेत द्या. खाद्य तपासताना मात्र पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ घेऊन मिसळा. विष ठिकठिकाणी साचतं. बुरशी झटकून, उन्हात वाळवूनही ते पूर्ण जात नाही.