अनफ्रेंड करणे

समाजमाध्यमावरील मित्रयादीतून एखाद्या व्यक्तीला काढून टाकणे. फेसबुकवर मैत्री दुतर्फी असल्याने एकाने काढले की नाव दोन्ही याद्यांतून जाते. अनफॉलो केल्यास मैत्री राहते, फक्त त्या व्यक्तीच्या नोंदी (पोस्ट) आपल्याला दिसेनाशा होतात. ब्लॉक केल्यास संपर्कच तुटतो.

शब्दाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. ‘अनफ्रेंड’ हे इंग्रजी नाम लायमन या इंग्रज कवीच्या ‘ब्रूट’ या काव्यात (साधारण १३ वे शतक) शत्रू या अर्थाने येते. क्रियापदाचा जुना दाखला थॉमस फुलर या धर्मोपदेशकाच्या १६५९ मधील लेखनात मिळतो. इतिहासलेखनावरून त्याचा पीटर हेलिन या दुसऱ्या लेखकाशी वाद झाला, तेव्हा या मतभेदाने आपण एकमेकांना दुरावलो नसू, अशी आशा त्याने हे क्रियापद वापरून व्यक्त केली. आजचा शब्द हेच जुने क्रियापद होय, असे काही जण सुचवतात. तथापि मधल्या काळात ते जवळजवळ वापराबाहेर होते. त्यामुळे संगणकीय व्यवहारात ‘फ्रेंड’ हेच आधी क्रियापद झाले आणि त्याला ‘अन’ हा उपसर्ग नव्याने लागला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लाइव्हजर्नल या ब्लॉगलेखनाच्या संकेतस्थळावर यादीतून वगळलेल्या व्यक्तीला केवळ मित्रांसाठी लिहिलेला मजकूर वाचता येत नसे. तेथील मैत्री एकतर्फीही असू शके, म्हणून जोडणे आणि वगळणे या दोन्ही क्रियांसाठी क्रियापदे लागत. ‘डीफ्रेंड’ हे प्रतिस्पर्धी रूपही याच सुमाराचे असावे. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने २००९ चा शब्द म्हणून ‘अनफ्रेंड’ निवडला, तेव्हा ‘डीफ्रेंड’च अधिक चालते, अशी तक्रार अनेकांनी केली.

काढलेल्या व्यक्तीला फेसबुक तसे कळवत नाही. जानेवारी २००९ मध्ये बर्गर किंग या खाद्यगृहांच्या साखळीने फेसबुकवरील दहा मित्र काढणाऱ्यास फुकट बर्गर देऊ केला आणि काढलेल्यांना तसा निरोपही धाडला. यात २,३३,९०६ मैत्र्या तुटल्या. निरोप धाडण्यास फेसबुकने हरकत घेतल्यावर योजना गुंडाळली गेली.

अनफ्रेंड करण्याच्या कारणांचा अभ्यास अमेरिका, इस्राएल अशा देशांत झाला आहे. क्रिस्तोफर सिबोना (कोलोरॅडो विद्यापीठ, डेन्व्हर) यांच्या २०१० मधील पाहणीत बिनमहत्त्वाच्या नोंदींचा भडिमार हे कारण राजकारण व धर्म यांच्याही आधी आले. निकोलस जॉन व शिरा द्विर-ग्विर्समन या संशोधकांना २०१४ च्या गाझा संघर्षाच्या काळात सुमारे १६ टक्के इस्राएली वापरकर्त्यांनी मित्र काढल्याचे आढळले.

मराठीत ‘अनफ्रेंड करणे’ हेच रूढ आहे. बोलताना ‘यादीतून उडवणे’ही चालते. ‘अमित्र करणे’ क्वचित दिसते, पण संस्कृतात अमित्र म्हणजे शत्रू, आणि वगळलेला प्रत्येक जण शत्रू नसतो. ‘कट्टी’ हा प्रतिशब्द म्हणून फारसा जुळत नाही, कारण कट्टी समोरच्याला सांगूनच घेतली जाते.