खेळाडू गुडघा का टेकतात? मेक्सिको सिटीपासूनची पार्श्वभूमी

२४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत टी-२० वर्ल्ड कपमधली भारताची पाकिस्तानविरुद्धची मॅच सुरू व्हायच्या आधी रोहित-राहुल पिचजवळ आणि बाकीची टीम बाउंड्रीजवळ गुडघ्यावर बसली, तेव्हा बऱ्याच जणांना प्रश्न पडला की हे काय नवीन. नवीन काहीच नाही, वर्णद्वेषाच्या निषेधाच्या या खुणेमागे पन्नास वर्षांहून जास्त जुना इतिहास आहे.

१९६७ मध्ये हॅरी एडवर्ड्स नावाच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय खेळाडूंना एकत्र केलं होतं. मागण्या स्पष्ट होत्या, बॉक्सर मोहम्मद अलीचं काढून घेतलेलं टायटल परत द्या, गोऱ्यांची सत्ता असलेल्या दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला (आताचं झिंबाब्वे) ऑलिंपिकबाहेर ठेवा, कृष्णवर्णीय कोच नेमा. त्यातलेच अमेरिकन धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस १६ ऑक्टोबर १९६८ ला मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये २०० मीटरच्या पोडियमवर काळा ग्लोव्ह घातलेली मूठ वर करून उभे राहिले, बूट काढून नुसत्या काळ्या मोज्यांवर, कारण त्यांना आपल्या लोकांची गरिबी दाखवायची होती. कार्लोस स्वतःचे ग्लोव्ह्ज विसरला होता म्हणून एकच जोडी दोघांनी वाटून घेतली, त्यामुळे फोटोत स्मिथचा उजवा हात वर दिसतो आणि कार्लोसचा डावा. सिल्व्हर मिळवलेला गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मनही त्यांच्याच चळवळीचा बॅज छातीवर लावून उभा होता. ही गोष्ट लोक विसरतात, मला तर ती सगळ्यात मोठी वाटते, कारण त्याला मागून कुणी ढकललं नव्हतं, तो आपणहून उभा राहिला.

स्मिथ-कार्लोसना घरी पाठवलं, नंतर जिवे मारायच्या धमक्या आल्या. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज म्हणे खेळात राजकारण नको, पण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हेच गृहस्थ अमेरिकन कमिटीचे प्रमुख होते आणि तिथल्या नाझी सॅल्यूटवर त्यांनी हरकत घेतली नव्हती. नॉर्मन २००६ मध्ये गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला स्मिथ आणि कार्लोस दोघेही ऑस्ट्रेलियात गेले होते.

गुडघ्याची गोष्ट २०१६ ची. अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन केपर्निक पोलिसी अत्याचाराच्या निषेधात राष्ट्रगीताला आधी नुसता बसून राहायचा. मग नेट बोयर या माजी सैनिकाने त्याला भेटून सुचवलं की त्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक आपल्या गेलेल्या साथीदाराच्या कबरीजवळ तसंच करतात. म्हणजे सैनिकाने सुचवलेली, सैनिकांचा मान राखणारी कृती, आणि तिलाच सैन्याचा अपमान म्हणून बोंब मारली गेली! त्या सीझननंतर केपर्निकला एकाही टीमने घेतलं नाही.

मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला आणि त्याचा जीव गेला, त्यानंतर ही खूण जगभर पसरली. जुलैत साउदम्प्टनला इंग्लंड आणि वेस्ट इंडीज दोन्ही टीम्सनी गुडघा टेकला, आणि त्याच मॅचच्या वेळी वेस्ट इंडीजचा माजी बॉलर मायकेल होल्डिंगला टीव्हीवर वर्णद्वेषाबद्दल बोलताना रडू आवरलं नाही.

दुबईत आपल्या मॅचनंतर दोनच दिवसांनी दक्षिण आफ्रिकेच्या बोर्डाने सगळ्या खेळाडूंना गुडघा टेकायचा आदेश काढला आणि क्विंटन डी कॉक मॅचमधून बाहेर बसला, नंतर माफी मागून पुढच्या मॅचला त्यानेही टेकला. सक्तीने आदेश काढणं मला पटत नाही, केपर्निकने कुणावर सक्ती केली नव्हती. टोकियो ऑलिंपिकसाठी निषेधाला मनाई करणारा नियम थोडा सैल झाला, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी मैदानात निषेध चालेल म्हणे, पण मेडल घेताना अजूनही मनाई.