इंडस्ट्रियस : गरिबांवर लावलेलं लेबल

इंडस्ट्रियस म्हणजे मेहनती, हे शाळेतच पाठ होतं. पण इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा रोख हुशारीवर, हातातल्या कसबावर होता. मूळ लॅटिन, मधे फ्रेंच. 'इंदू' म्हणजे आत आणि 'स्त्रुएरे' म्हणजे रचणं अशी फोड साधारणपणे देतात. गंमत म्हणजे कंगाल या अर्थाच्या इंडिजेंटमध्येही तोच 'इंदू' आहे.

खरी कहाणी 18व्या शतकातल्या इंग्लंडमधली. तिथे गरिबांची सरळ दोन गटांत वाटणी व्हायची, मदतीला लायक ते 'इंडस्ट्रियस पुअर' आणि बाकीचे आळशी, आणि हे ठरवणार कोण तर ज्यांना स्वतःला कधी राबायला लागलं नाही ते. 1723च्या कायद्याने तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांना ठेवून कामाला लावायच्या घरात, यायला नकार देणाऱ्याची मदत बंद करायची मुभा पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीप्रमाणे ठरलेल्या स्थानिक कारभाराला, मिळाली, काही वर्कहाऊसना चक्क 'हाऊस ऑफ इंडस्ट्री' म्हणायचे! 1747 मध्ये लंडनमध्ये 12 चित्रांची एक मालिका छापली गेली, त्यात दोन शिकाऊ कारागिरांपैकी इंडस्ट्रियस असतो तो शेवटी लॉर्ड मेयर होतो आणि आळशी फासावर जातो. एवढं सोपं होतं सगळं.

पुढे इंडस्ट्री म्हणजे कारखानदारी झाली, तिच्यासाठी इंडस्ट्रियल वापरात आला आणि इंडस्ट्रियस माणसांपुरता उरला. आपल्या 'उद्योग'ने दोन्ही अर्थ सांभाळलेत, वर 'नसते उद्योग' आहेतच.

आता घोळ 'इंडस्ट्रियस रिव्होल्यूशन'चा. ही कल्पना आधी एका जपानी इतिहासकाराने मांडली, जपानच्या तोकुगावा काळातल्या (17वं ते 19वं शतक) शेतीबद्दल, की तिथे जनावरं आणि भांडवल वाढवण्यापेक्षा माणसांचेच कष्ट वाढवून उत्पादन काढलं गेलं. 1994 मध्ये युरोपच्या एका अभ्यासकाने तोच शब्द उचलला पण अर्थ फिरवला. त्याचं म्हणणं, यंत्रं यायच्या आधीच वायव्य युरोपातली कुटुंबं जास्त राबायला लागली, बायकापोरांसकट, कारण त्यांना बाजारातला चहा, साखर, कापड हवं होतं. म्हणजे कष्ट वाढले ते आपखुशीने. इथेच वाद आहे. टीकाकार म्हणतात की इंग्लंडमध्ये 18व्या शतकाच्या उत्तरार्धात धान्य महागलं, मग पूर्वीइतकीच भाकरी मिळवायला जास्त दिवस काम करावं लागलं, यात हौस कसली? मला तरी टीकाकारांचं जास्त पटतं, निदान शेतमजुरांच्या बाबतीत. शहरातल्या कारागिरांचं वेगळं असू शकतं, त्यांच्यात सोमवारी दांडी मारायची जुनी पद्धत होती, 'सेंट मंडे' म्हणायचे तिला, आणि ती मोडायला मालकांना बरीच वर्षं लागली.