टाकं, टँक, टँकर

पेट्रोल पंपावर आपण ‘टाकी फुल कर’ म्हणतो. घरात मासे पाळले तर ते ‘फिश टँक’मध्ये. सीमेवर असतो तो रणगाडा, आणि एप्रिलात गावं ज्याची वाट बघतात तो टँकर. इंग्रजीत या सगळ्यांच्या मुळाशी शब्द एकच: टँक. आणि तो इंग्रजीत गेला तो बहुधा आपल्याच बाजूने.

‘बहुधा’ म्हणायला कारण आहे. इंग्रजी कोश या शब्दाची दोन घराणी सांगतात. एकीकडे गुजराती आणि मराठी ‘टांकें’, दुसरीकडे पोर्तुगीज ‘तांक’. पोर्तुगीज शब्द पाणी अडवण्याच्या क्रियापदावरून आलेला, आणि त्यांचा दावा कच्चा नाही. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीत, 1498 मधल्या कालिकतच्या वर्णनात, घडीव दगडाच्या तळ्याला हाच शब्द वापरलेला आहे. किनाऱ्याला लागून काही दिवस झालेल्या खलाशांनी तो इथे शिकला असण्यापेक्षा घरूनच आणला असणार. पण 1616 मध्ये सुरतेला उतरलेला पाद्री एडवर्ड टेरी, जो पुढे टॉमस रो या इंग्रज राजदूताच्या पदरी होता, तो लिहितो की इथे पुष्कळ तळी आहेत आणि हे लोक त्यांना टँक म्हणतात. त्याच्या कानावर हा इथलाच शब्द म्हणून पडला होता. 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही दोन्ही बाजूंची चर्चा आहे. मला वाटतं, भांडण सोडवायची गरजच नाही. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत सारख्या आवाजाचे, सारख्या अर्थाचे दोन शब्द भेटले आणि एकमेकांत मिसळले.

आपल्या टाक्याचं मूळ काय, हाही प्रश्न आहेच. काही जण ‘तडाग’ या तळ्यासाठीच्या संस्कृत शब्दाकडे बोट दाखवतात. मला मात्र ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ यातली टाकी, पाथरवटाची छिन्नी, आठवल्याशिवाय राहत नाही. कारण सह्याद्रीतलं टाकं बांधलेलं नसतं, खोदलेलं असतं. काळ्या कातळात चौकोनी तोंड, उतरायला दोन-चार पायऱ्या, आणि आत छत पडू नये म्हणून कातळाचेच ठेवलेले खांब. डोंगर चढून आलेला माणूस काठावर पालथा पडतो, हाताने शेवाळ बाजूला सारतो आणि बाटली बुडवतो. बाहेर ऊन रणरणत असलं तरी खांबटाक्यातलं पाणी दातांना झोंबतं. टाकं खोदताना निघालेला दगड तटबंदीला कामी यायचा, हा हिशेब वेगळाच. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी बघितली की हे पटतं. गंमत म्हणजे वस्तू शब्दाहून जुनी आहे: कान्हेरीच्या शिलालेखांत लेण्यांशेजारच्या अशाच टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय.

इंग्रजांनी हे सगळं सपाट केलं. तळं, तलाव, कुंड, पुष्करणी, हौद, टाकं. आपल्याकडे प्रत्येकाचा आकार वेगळा, मान वेगळा. कातळातलं ते टाकं, पायऱ्या असलेलं देवळापुढचं ते कुंड, नळाने भरणारा तो हौद. पुण्यात पेशवाईत कात्रजहून पाणी आणलं ते हौदांत, म्हणून तिथे फडके हौद आहे, फडके टाकं नाही. मुंबईच्या कागदोपत्री मात्र सरसकट टँक. वाळकेश्वरचं बाणगंगा टँक, 8 ऑगस्ट 1942 ला जिथे ‘भारत छोडो’चा ठराव झाला ते गोवालिया टँक, शिवाय सी. पी. टँक. धोबीतलावाने तेवढं आपलं नाव सोडलं नाही. आता सी. पी. टँकला टँक नाही आणि धोबीतलावाला तलावही नाही, दोन्हीकडे पत्ता सांगण्यापुरतं पाणी उरलंय.

मग हा पाण्याचा शब्द युद्धात कसा गेला? 1915 मध्ये ब्रिटिश नौदल खात्याच्या एका समितीने खंदक ओलांडणारं चिलखती वाहन करायला घेतलं. कामाला नाव होतं ‘जमिनीवरची जहाजं’, आणि त्या नावातच गुपित फुटत होतं. लिंकन शहरातल्या कारखान्यात लोखंडाचं हे अवाढव्य धूड बघून विचारणाऱ्यांना सांगितलं गेलं की ही पाणी वाहून नेण्याची पिंपं आहेत. वर्षअखेरीस कायमचं टोपणनाव ठरवायची वेळ आली, तेव्हा कर्नल अर्नेस्ट स्विंटन आणि त्याच्या सहकाऱ्याने ‘सिस्टर्न’, ‘रिझर्व्हॉयर’ वगैरे समानार्थी शब्द घोळवून पाहिले आणि टँकवर शिक्कामोर्तब केलं. एकाक्षरी, ठसठशीत आणि ऐकणाऱ्याला जांभई यावी इतका साधा. 15 सप्टेंबर 1916 ला फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हे टँक पहिल्यांदा चालून गेले आणि गुपित संपलं. नाव राहिलं. फ्रेंचांनी ते न घेता ‘शार’, म्हणजे रथ-गाडा, म्हटलं. आपला ‘रणगाडा’ नकळत त्यांच्याच पंगतीला बसला. मराठीत घडवलेल्या पारिभाषिक शब्दांत इतका झकास शब्द क्वचित सापडतो.

बाकीचे अर्थ किरकोळ. पोहण्याच्या तलावालाही टँक म्हणत, म्हणून त्यात घालायच्या पोशाखावरून बिनबाह्यांचा ‘टँक टॉप’. ‘थिंक टँक’ आधी गमतीने डोक्याला म्हणत, विचारवंतांच्या संस्थेला नंतर. क्रियापद झालं की टँक बुडतो: शेअर ‘टँक झाला’ म्हणजे आपटला. समानार्थी म्हणून ‘सिस्टर्न’ कुठेही ठोकून देऊ नये, ब्रिटनमध्ये ती मुख्यतः संडासाची फ्लशची टाकी.

शब्द परत आला तो शेपूट लावून, टँकर होऊन. मराठवाड्याला ‘टँकरवाडा’ हे नाव पडलं त्याला वर्षं झाली. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं तेही टँक वॅगनमधूनच, पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. खेड्यात टँकर घरोघर जात नाही. गावच्या आटलेल्या विहिरीच्या काठाला लागतो, ड्रायव्हर जाडजूड पाइप आत सोडून कॉक फिरवतो, आणि पाणी तळाला पोचायच्या आत चारी बाजूंनी दोरांना बांधलेल्या कळश्या खाली गेलेल्या असतात.