साडेतीनशे घनइंच आणि तीन मिलिसेकंद

मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं व्ही-8 इंजिन बसवायचं आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची, हा अमेरिकेतल्या साठच्या दशकातला उद्योग. अशा गाडीला पुढे ‘मसल कार’ हे नाव पडलं. 1964 ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही त्यांतली पहिली मानली जाते. मध्यम गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा खुद्द जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंते जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 389 घनइंचांचं इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून देऊ केलं आणि नियमाला बगल दिली.

या गाड्या आजही अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमध्ये खोलल्या जातात. कारण सोपं आहे: बॉनेट उघडलं की सगळं हाताशी येतं आणि मध्ये कॉम्प्युटर नाही. त्यातही सर्वाधिक हाताळलं गेलेलं इंजिन म्हणजे शेव्हरोलेचं 350 घनइंचांचं, 1967 च्या मॉडेलच्या कॅमॅरोत पहिल्यांदा आलेलं. 350 घनइंच म्हणजे 5.7 लिटर. एकेका सिलिंडरची क्षमता सुमारे 717 सीसी, म्हणजे आपल्या मारुती 800 चं अख्खं इंजिन जवळजवळ एका सिलिंडरात मावेल.

नवा मालक पहिली मागणी करतो ती मोठ्या कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची. इथे थोडं गणित करावं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण हवा घेतं. मिनिटाला 6000 फेऱ्या धरल्या, तर 5.7 गुणिले 3000, म्हणजे मिनिटाला सुमारे 17,100 लिटर हवा. पण रस्त्यावरच्या गाडीचे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. 85 टक्के धरले तरी पुष्कळ. म्हणजे साडेचौदा हजार लिटर, अमेरिकन मापात मिनिटाला जेमतेम 515 घनफूट. 600 घनफुटांचा कार्ब्युरेटर त्याला पुरून उरतो. तरी लोक 850 चा बसवतात आणि सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते.

का अडखळते? कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या उताराच्या जोरावर पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, वर ओढलं जातं. गळा रुंद केला की कमी फेऱ्यांवर हवेचा वेग पडतो, ओढ कमी होते आणि पेट्रोलचं बारीक तुषार न होता थेंब पडतात. रोजच्या वापरात इंजिन बहुतेक वेळ याच कमी फेऱ्यांवर असतं, ही गोष्ट विकत घेताना कोणी लक्षात घेत नाही.

खरी गंमत टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची यात आहे, आणि ती जवळपास फुकट आहे.

प्लगची ठिणगी पडताच पेट्रोल-हवेचं मिश्रण क्षणात फुटतं, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ज्योत प्लगपासून निघून पसरत जाते. सर्वोच्च दाब पिस्टन अगदी वर असताना आला, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड आणि तो ज्याला फिरवतो तो क्रँक एका रेषेत असल्यामुळे तो नुसता बेअरिंगवर दाबला जातो, फिरवत काहीच नाही. तो यायला हवा क्रँक वरच्या टोकापासून सुमारे 15 अंश पुढे सरकल्यावर. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो. ज्वलनाला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे पन्नासेक अंश. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या 34 ते 36 अंश आधीच पडावी लागते. आयडलिंगला मात्र 8 ते 12 अंश पुरतात. ही वाढ प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली (आपले जुने मेकॅनिक ज्याला डेल्को म्हणतात) दोन छोटी वजनं करतात. फेऱ्या वाढल्या की ती स्प्रिंग ताणून बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. 3000 च्या पुढे आणखी वाढवावं लागत नाही, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली खळबळही वाढते आणि ज्योत अधिक झपाट्याने पसरते.

हे पाहायला टायमिंग लाइट लागतो. पहिल्या प्लगच्या वायरला चिमटा लावला की त्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीला दिवा लखलखतो. मिनिटाला 600 फेऱ्यांवर सेकंदाला पाच वेळा, आणि प्रत्येक वेळी क्रँकच्या टोकाच्या पुलीवरची खूण त्याच जागी असल्यामुळे फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. मग डिस्ट्रिब्युटर हळूच वळवायचा. पण जुन्या गाडीत ही खूणच खोटं बोलू शकते: पुलीजवळच्या बॅलन्सरची (क्रँकची थरथर शोषणाऱ्या चकतीची) बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते, पन्नास वर्षांत रबर सुटतं आणि कडी सरकते. त्यामुळे पिस्टनचं वरचं टोक आधी स्वतंत्रपणे मोजून घ्यावं. आणि हे काम बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो.

व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची नळी ‘प्रदूषणवाल्यांची भानगड’ म्हणून काढून टाकणारे महाभाग बरेच भेटतात. हलक्या थ्रॉटलवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं, त्याला आणखी 10-15 अंश लवकर ठिणगी हवी असते. ती ही नळी देते. काढली की इंजिन तापतं आणि पेट्रोल जास्त पितं. टायमिंग मोजतानाच काय ती काढून तिचं तोंड बंद करायचं.

उलट, ठिणगी फारच लवकर पडली तर उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप पेटतं आणि इंजिन खटखट नॉक करतं. हा जुना शत्रू. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांना 1921 मध्ये त्यावर उपाय सापडला: पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग. त्या बळावर मसल कारचे कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) साडेदहा-अकरापर्यंत चढले. मग विषारी शिसं हटवायची तयारी सुरू झाली आणि 1971 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कॉम्प्रेशन उतरवलं. 1972 ला हॉर्सपॉवर मोजायची रीतही बदलली. सायलेन्सर, एअर फिल्टर सगळं लावून मोजायला लागले. त्याआधीचे माहितीपत्रकांतले आकडे म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत.

आज या इंजिनांसमोरचा प्रश्न इथेनॉलचा आहे. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला 14.1 पट. जेट तोच ठेवला तर मिश्रण 4 टक्के लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं. जेटचं क्षेत्रफळ 4 टक्के वाढवायला व्यास फक्त 2 टक्के वाढवावा लागतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट. आपल्याकडे आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याचं प्रमाण साधारण 13.5, त्यामुळे कुर्ल्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी जपणाऱ्यांना याच्या दुप्पट बदल करावा लागेल, आणि जेटच्या आधी पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलाव्या लागतील.