टिनावर ठेवलेली वीट

मे महिना संपत आला की ग्वाल्हेरला दुपारची लू, म्हणजे तापलेला वारा, एकाएकी पडते, आभाळ पिवळट-तांबूस होतं आणि लष्कर या भागातल्या गच्च्यांवर हाकाटी सुरू होते, "कपडे काढा गं, आंधी येतेय!" कपडे बहुतेक वेळा वाचतात. जातं ते गच्चीवरचं टीन.

ही आंधी तयार होते वर, ढगात. ढगातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत वाटेतच वाळून जातो. बाष्पीभवनाने तिथली हवा गार आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पुढे जी धुळीची भिंत चालून येताना दिसते, ती या गार हवेची आघाडी. इमारतींच्या रचनेसाठी भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचे वेग दिले आहेत. पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. आणि आपल्या दोन्ही अंगांच्या आग्रा व झाशीसाठी ४७. समुद्र शेकडो कोस लांब असून मुंबईपेक्षा जास्त!

आपल्या जुन्या घरांना याचं काही वाटत नसे. छताला घातलेली वालुकाश्माची पाच सेंटीमीटर जाडीची पटिया, म्हणजे दगडी फळी, दर चौरस मीटरला ११०-१२० किलो भरते, वर चुन्याचा कोबा वेगळा. पण आता त्याच गच्चीवर माकडं आणि ऊन अडवायला टिनाची शेड असते. अर्धा मिलीमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताशी ९० किलोमीटरच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे ३७५ न्यूटन होतो, म्हणजे ३८ किलोंचा भार. छताच्या बाबतीत हा भार बहुतांशी वरच्या दिशेने लागतो. कडेवर आदळलेला वारा छताला चिकटून न वाहता सुटून वर उसळतो, त्याखाली हवेचा दाब उतरतो आणि पत्रा वर ओढला जातो. कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ सगळ्यात जास्त. त्यात शेड एका बाजूने उघडी असेल, तर आत शिरलेला वारा खालूनही रेटतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या बंदच ठेवायच्या. "उघडी ठेवा, वारा निघून जाईल" हा सल्ला उलटा आहे.

आता टीन उडू नये म्हणून वर ठेवतात ती वीट. तीन मीटर लांब, मीटरभर रुंद पत्र्यावर वरची ओढ शंभर किलोंच्या पुढे. चार विटांचं वजन बारा किलो. पत्रा तर जातोच, विटा शेजाऱ्यांच्या अंगणात पडतात. माझ्या मते टिनावर वीट ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, मग पिढ्यान् पिढ्यांची रीत का असेना.

उडालेला पत्रा हातात घेऊन भोकं बघा. पत्रा धरणारे वाकडे जे-हुक आणि त्यांच्या चकत्या, म्हणजे वायसर, पुष्कळदा खालच्या लोखंडी अँगलवरच शाबूत असतात. पत्र्याचं भोक मात्र लांबट फाटलेलं, आणि त्याच्या कडेपासून केसासारख्या बारीक चिरा निघालेल्या. पत्रा एका झटक्यात फाटत नाही. झोतागणिक फडफडतो आणि तार पुन्हापुन्हा वाकवून तुटावी तसा भोकाशी थकतो. १९७४ च्या डिसेंबरात ट्रेसी चक्रीवादळाने ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त केलं, तेव्हा पत्र्याची छतं अशीच थकून गेल्याचं तपासात दिसलं. त्यामुळे जो पत्रा उडाला नाही, त्याच्यावर जास्त संशय घ्या. चीर दिसली तर तो बदला. जुन्या भोकात नवा हुक घालून भागत नाही. कडेच्या ओळीत हुक जवळजवळ घ्यायला सांगा, वायसर मोठे घ्या, आणि भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडा, म्हणजे पाणी झिरपणार नाही. अँगल भिंतीत नीट धरलेला नसेल तर हे सगळं फुकट. अख्खी शेड सांगाड्यासकट उठते.

आंधी थांबली की लगेच गच्चीवर धावू नका. पत्र्याला विजेची तार टेकलेली असू शकते. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय देऊच नये. वरून धड दिसतो आणि वजनाने फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून तुकडे ओले करून उचलावेत, कापू नयेत.

पटियाच्या गच्चीवर आधी पाणी बाहेर सोडणारी पनाळ बघा. धूळ-पाल्याने ती तुंबली आणि दहा सेंटीमीटर पाणी साचलं, की चौरस मीटरला १०० किलो वाढले. सांध्यांतला चुना सुटला असेल तर पाऊस लागण्याआधी भरून घ्या.

नुकसानीच्या सरकारी मदतीचा अर्ज मध्य प्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ खाली तहसीलमध्ये करतात. झाकाझाक करण्याआधी फोटो काढा, आणि पटवारी पंचनामा करून जाईपर्यंत वाकडेतिकडे पत्रे भंगारवाल्याला देऊ नका.