मूळ पाप: एका प्रार्थनेवरून पेटलेला वाद

‘तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचं बळ तूच दे, मग हवी ती आज्ञा कर.’ उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा (आजच्या अल्जीरियातलं अन्नाबा) बिशप ऑगस्टीन याने इ.स. ४००च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात देवाला केलेली ही विनवणी. रोममध्ये कुणीतरी ती पेलाजियससमोर म्हटली आणि तो भडकला. बळसुद्धा देवानेच द्यायचं, तर माणसाने करायचं काय?

पेलाजियस मूळचा ब्रिटनचा, तपस्वी वृत्तीचा. त्याला पापाची सूट देणारा उदारमतवादी समजतात, ते मला पटत नाही. उलट तो जास्त कडक. व्रतस्थ राहायचं ठरवलेल्या देमेत्रियास या खानदानी मुलीला त्याने लिहिलं, की देव अशक्य गोष्टीची आज्ञा करतच नाही. म्हणजे चुकलात तर सबब उरत नाही. देवाची आज्ञा मोडून पहिला माणूस आदाम याने वाईट उदाहरण घालून दिलं खरं, पण त्याचा दोष वंशाला लागत नाही, हे त्याचं म्हणणं.

४१०मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. पळालेल्यांत पेलाजियस आणि त्याचा साथीदार सेलेस्टियस दोघेही होते. ते आफ्रिकेत उतरले आणि वाद ऑगस्टीनच्या दारात येऊन पोचला. पेलाजियस पुढे पॅलेस्टाईनला गेला, सेलेस्टियस कार्थेजमध्येच राहिला आणि तिथेच दोषी ठरला.

तिथल्या खटल्यात प्रश्न निघाला तान्ह्या बाळांचा. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा जलसंस्कार, पापक्षमेसाठी असतो, तर ज्याने अजून काहीच केलेलं नाही त्या बाळाला तो का देतात? ऑगस्टीनचं उत्तर सरळ होतं: बाळ आदामाचं पाप घेऊनच जन्मतं. हेच ‘मूळ पाप’. त्याचा एक आधार होता बायबलातलं रोमकरांस पत्र ५:१२. लॅटिन भाषांतरात तिथे ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता, आणि ‘ज्याच्यात’ म्हणजे आदामात, असं तो वाचे. मूळ ग्रीकचा अर्थ आज बहुतेक अभ्यासक ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा घेतात. मराठी बायबलातही ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असंच आहे. अर्थात ऑगस्टीनची सगळी भिस्त या एका ओळीवर नव्हती.

आपल्याकडे हे ऐकून प्रारब्ध आठवतं. पण प्रारब्ध आपल्याच मागल्या कर्माचं असतं. इथे कर्म पूर्वजाचं आणि दोष आपल्याला.

निकाल मात्र नुसत्या युक्तिवादावर लागला नाही. ४१५मध्ये पॅलेस्टाईनमधल्या डायोस्पोलिसच्या धर्मसभेने पेलाजियसला निर्दोष ठरवलं. पोप इनोसंट यांनी ४१७मध्ये त्याला बहिष्कृत केलं, त्यांच्यानंतरचे पोप झोसिमस आधी त्याच्याकडे झुकले. मग ४१८मध्ये सम्राट होनोरियसने पेलाजियसपंथीयांना रोममधून हाकलण्याचा हुकूम काढला, कार्थेजला दोनशेहून अधिक बिशपांनी निषेध केला आणि झोसिमस यांनी बाजू बदलली.

पेलाजियसच्या निषेधाच्या पत्रावर सही नाकारणाऱ्या इटालियन बिशपांपैकी एक्लानमचा ज्युलियन सर्वांत तिखट. ऑगस्टीन तरुणपणी मानी नावाच्या इराणी धर्मगुरूच्या पंथात होता; देहच मलिन मानणारं तेच जुनं मत हा मागच्या दाराने आणतोय, असं त्याने सुनावलं. ४३०मध्ये व्हँडलांचा हिप्पोला वेढा असताना ऑगस्टीन वारला, तेव्हा ज्युलियनला द्यायचं उत्तर अर्धवटच होतं.

पश्चिमेकडे ऑगस्टीनची कृपेची शिकवण (चांगलं वागण्याचं बळ देवच देतो) ५२९मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने उचलली, पण देव कुणाला दुष्कर्मासाठी नेमतो हे मत झिडकारलं. पूर्वेकडच्या चर्चने वारसा मानला तो मरणाचा आणि दुबळेपणाचा, अपराधाचा नव्हे. पुढे डच विद्वान इरॅस्मस १५२४मध्ये स्वतंत्र इच्छेच्या बाजूने लिहितो आणि जर्मन धर्मसुधारक ल्यूथर १५२५मध्ये ती गुलाम असल्याचं ठणकावतो, तेव्हा दोघांच्याही मागे हाच जुना खटला असतो.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ऑगस्टीनने शिक्षा सांगितली होती, ‘सर्वांत सौम्य’ का होईना. मध्ययुगात त्यांच्यासाठी ‘लिंबो’ची, म्हणजे स्वर्ग नाही पण यातनाही नाहीत अशा जागेची, कल्पना पुढे आली. अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज म्हणाला तो २००७मध्ये.